चंदनाचे तेल आणि आपला इतिहास

आमच्या मॉरिशसच्या मराठी घरांत पूजेच्या ताटात हळद, कुंकू, अक्षता, फुले यांच्या शेजारी गंधाची वाटी असते. ती वाटी आता बहुतेक ठिकाणी दुकानातल्या पुडीतून भरली जाते. काही जुन्या घरांत मात्र सहाण अजून जपलेली आहे आणि तिच्याबरोबर बोटभर उरलेले चंदनाचे खोडही. पाण्याचे दोन थेंब टाकून ते उगाळले की जो वास येतो तो गुलाबासारखा अंगावर येत नाही. तो मऊ असतो, थोडा दुधाळ, थोडा लाकडाचा, आणि पूजा आटोपल्यावरही बोटांना राहतो.

मुलांना शब्द शिकवताना आम्ही चंदनाची गंमत नेहमी सांगतो. मुलांना अगरबत्तीच्या पुड्यावरचा 'सांताल' ठाऊक असतो, 'चंदन' मात्र परका वाटतो. खरे तर हा एकच शब्द आहे. संस्कृतातला चंदन फारसी आणि अरबी लोकांच्या तोंडी 'संदल' झाला, तेथून ग्रीक व लॅटिन भाषांत गेला, फ्रेंचमध्ये 'सांताल' झाला आणि क्रेओलमध्ये आमच्याकडे परत आला. पूर्वज एका वाटेने येथे आले, शब्द दुसऱ्या वाटेने आला, आणि दोघांची गाठ याच बेटावर पडली.

या स्मरणिकेत बोटी, करारनामे, ऊस आणि देवळे यांच्यावर लेख असणारच. आम्ही तेलावर लिहीत आहोत, कारण चंदनाच्या तेलाचा इतिहास तपासू लागल्यावर त्यात मजुरांचा इतिहास सापडतो, आणि एका ठिकाणी तर थेट आपल्या बेटाचे नाव येते.

आधी झाडाविषयी. चंदन हे एकट्याच्या बळावर वाढणारे झाड नव्हे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि तेथून पाणी व क्षार ओढून घेतात. पाने हिरवी असतात, म्हणजे अन्न ते स्वतः तयार करते, पण शेजाऱ्याच्या आधाराशिवाय त्याचे नीट चालत नाही. त्याला वास केव्हा येतो, हेही पाहण्यासारखे आहे. कोवळ्या झाडाला वास नसतो. पाने, फुले, साल, बाहेरचे पांढरे लाकूड, कशालाच नसतो. दहा-पंधरा वर्षांनी आत पिवळसर तपकिरी गाभा धरू लागतो, आणि तेल असते ते फक्त त्या गाभ्यात. चांगला भरलेला गाभा हवा तर तीस वर्षे किंवा त्याहून अधिक थांबावे लागते. सर्वांत जास्त तेल मुळांत असते. म्हणून चंदन कुऱ्हाडीने तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. जुन्या काळी उपटलेले ओंडके काही दिवस जमिनीत किंवा जमिनीवर ठेवीत. वाळवी बाहेरचे पांढरे लाकूड खाऊन टाकी आणि गाभ्याला तोंड लावीत नसे. बिनपगारी मजूर म्हणावा तर तो वाळवी.

गाभ्याचा भुगा करून तो पाण्यात भिजवायचा आणि वाफेवर ठेवायचा. कनौजचे अत्तरवाले यासाठी तांब्याची देग वापरतात. देगेतली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते, थंड होते आणि तेल पाण्यावर तरंगते. चंदनाचे तेल जड आणि हळू निघणारे, त्यामुळे कारखान्यातल्या वाफेवरसुद्धा एका घाण्याला दोन-तीन दिवस लागतात. शंभर किलो चांगल्या गाभ्यातून पाचेक किलो तेल मिळते. त्याचा बहुतेक भाग सँटॅलॉल नावाच्या द्रव्याच्या दोन प्रकारांचा असतो आणि तो मऊ वास त्यांचाच.

अत्तराच्या धंद्यात या तेलाचे काम स्वतः मिरवण्याचे नाही, दुसऱ्याला धरून ठेवण्याचे आहे. गुलाबाचा, मोगऱ्याचा, केवड्याचा वास उडून जातो. कनौजला गुलाबाच्या पाकळ्यांची वाफ चंदनाच्या तेलात जिरवतात, मग तो वास टिकतो. पहिल्या पावसाच्या मातीचे अत्तर करतात तेही असेच. भाजलेल्या मातीची वाफ काढायची आणि चंदनाच्या तेलात धरायची. पॅरिसचे अत्तरकारही चंदन तळाशी ठेवतात, म्हणजे बाकीचे वास निघून गेल्यावर शेवटी उरतो तो हा. गेर्लां या फ्रेंच कंपनीने १९८९ मध्ये काढलेले 'सामसारा' हे अत्तर तर जाई आणि म्हैसूरच्या चंदनावरच उभे होते.

एक खुलासा करायला हवा, कारण आपल्या घरांत याचा गोंधळ फार होतो. गणपतीला लावतात ते रक्तचंदन आणि हे चंदन ही दोन वेगळी झाडे. रक्तचंदनाला रंग आहे, सुगंध जवळजवळ नाही. सुजेवर लेप म्हणून आजी उगाळायची तेही रक्तचंदनच. आणि हैतीहून येणारे 'वेस्ट इंडियन चंदन' तेल हे तर लिंबाच्या कुळातल्या अमायरिस नावाच्या झुडपाचे. वास मऊ, लाकडी, म्हणून त्याला चंदनाचे नाव मिळाले, स्वस्तही पडते. साबणात आणि अगरबत्तीत ते चालून जाते.

आता चंदन कुणाचे होते ते पाहू. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले. झाड कुणाच्याही शेतात उगवो, मालकी राज्याची. टिपू गेला, इंग्रज आले, वडियार राजे पुन्हा गादीवर बसले, पण हा नियम कुणीही सोडला नाही. परिणाम काय झाला असेल याची कल्पना शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही करता येईल. बांधावर चंदनाचे रोप दिसले की ते पुढे त्रास देणार. चोरीला गेले तर जाब आपण द्यायचा, वाढले तर माल सरकारचा. त्यापेक्षा बोटभर असतानाच उपटून टाकलेले बरे. स्वतंत्र भारतातही हे असेच चालू राहिले. २००१ च्या कायदेबदलानंतर कर्नाटकात जमीनधारकाला आपल्या जमिनीतल्या चंदनाची मालकी मिळाली आणि तमिळनाडूत पुढच्या वर्षी. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ ज्याच्या अंगणात झाड, त्याचा त्याच्यावर हक्क नव्हता.

आमचे पूर्वज बहुतांशी रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा या पट्ट्यातले, काही सातारा आणि घाटावरचे. चंदनाला कोरडी, खडकाळ जमीन मानवते आणि तेथेच गाभा चांगला धरतो. कोकणच्या धो धो पावसातले ते झाड नव्हे. कोकणातल्या कुणब्याच्या देवघरात चंदनाचा तुकडा असला तर तो विकत आणलेला किंवा देवळातून मिळालेला. पण चंदनाची वाट मात्र त्याच्या दारावरून जात होती. म्हैसूर आणि कानडा येथले चंदन मंगळूरच्या बंदरात उतरे आणि गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला येई. मुंबईहून ते चीन आणि युरोपला रवाना होई. एकोणिसाव्या शतकात त्याच मुंबई बंदरातून आपली माणसे मॉरिशसच्या बोटींवर चढली. एका धक्क्यावर चंदनाचे ओंडके वजन करून, एका धक्क्यावर माणसे डोकी मोजून. दोन्ही माल उष्ण देशांतून गोऱ्या व्यापाऱ्यांच्या हिशेबवहीत गेले. पुरुषाला महिना पाच रुपये, पाच वर्षांचा करार, तांदूळ, डाळ, तूप, मीठ. १८३४ पासून पुढे पाऊणशे वर्षांत भारताच्या सर्व भागांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईला उतरली. त्यांत मराठी थोडीच होती.

येथे आम्हाला एक गोष्ट बोलायची आहे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक भाषणात एक वाक्य येते: आपले पूर्वज चंदनासारखे झिजले. आम्हीही ते मुलांच्या भाषणांत लिहून दिले आहे. वाक्य गोड आहे. पण खोड आपणहून झिजत नाही. कुणीतरी ते हातात धरते, सहाणेवर दाबते आणि उगाळते. झिजण्याचे कौतुक करताना उगाळणारा हात वाक्यातून गळून जातो. ज्यांनी १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियांच्या गळ्यात छायाचित्राचा परवाना अडकवला, तो नसला तर रस्त्यावर पकडले, त्यांचा उल्लेख त्या वाक्यात कुठेच नाही. भाषण लिहून देताना निदान शिक्षकांनी तरी दुसरे वाक्य त्याला जोडावे असे आम्हाला वाटते.

पुन्हा तेलाकडे. पहिल्या महायुद्धाच्या आधी म्हैसूरचे चंदन लाकूड म्हणूनच विकले जाई आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक जर्मनी होता. तेल काढण्याचे तंत्र आणि नफा दोन्ही तिकडे. तेव्हा हे तेल अत्तराइतकेच औषधाच्या दुकानात खपत असे. परम्यासारख्या गुप्तरोगावर त्याच्या कॅप्सूल युरोपात सर्रास देत, आणि पेनिसिलिन येईपर्यंत तो धंदा जोरात होता. (देवाच्या कपाळी आणि सैनिकाच्या खिशात, एकच तेल!) १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, जर्मनीचा रस्ता बंद झाला आणि म्हैसूर संस्थानात चंदनाचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज चौथे कृष्णराज वडियार होते आणि दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. उद्योगखात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी तेल काढण्याचे प्रयोग केले. १९१६ मध्ये बंगळूरला कारखाना सुरू झाला आणि लगेच म्हैसूरलाही. साबणाचे शास्त्र शिकायला एस. जी. शास्त्री यांना इंग्लंडला पाठवले आणि १९१८ मध्ये म्हैसूर सँडल साबण आला. आमच्या बेटावर भारतातून येणाऱ्या नातेवाइकांच्या पेटीत तो साबण असतो, आणि अंगाला लावण्याआधी महिनाभर तो कपाटात साड्यांमध्ये राहतो.

कच्चा माल विकणाऱ्याने पक्का माल करायला शिकणे ही मोठी गोष्ट. उसाच्या बेटावर वाढलेल्या आम्हाला ती सांगावी लागत नाही. पण झाडाचे मात्र हाल झाले. १९५० च्या सुमारास भारतात वर्षाला चार हजार टनांच्या आसपास चंदन निघत असे, पुढे ते काही शेकड्यांवर आले. चोरटी तोड हे एक कारण. दक्षिणेच्या जंगलांत वीरप्पनने वर्षानुवर्षे हेच केले, आणि २००४ मध्ये तो मारला गेल्यावरही चोरी थांबली नाही. दुसरे कारण रोग. कोडगूत १८९९ मध्ये प्रथम दिसलेल्या स्पाइक रोगाने पाने आखडतात आणि झाड वाळते. १९९८ मध्ये हे झाड जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत लागले. दरम्यान प्रयोगशाळांनी चंदनाचा वास देणारी द्रव्ये बनवली. आज दुकानात 'चंदन' लिहिलेली जी स्वस्त बाटली मिळते तिच्यात झाडाचा थेंबही नसण्याची शक्यता जास्त. खरे तेल महाग आहे, आणि आता त्यातले बरेचसे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कुनुनुरा गावाभोवतालच्या मळ्यांतून येते. तेथे भारतीय चंदन कालव्याच्या पाण्यावर, शेजारी आधाराची झाडे लावून, ओळीत वाढवले आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. चंदनाच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक प्रशांत महासागरातल्या बेटांवर होत्या. चीनमध्ये उदबत्तीसाठी आणि पेट्या-पंखे कोरण्यासाठी चंदनाला कायम मागणी होती. अमेरिकी आणि इंग्रज व्यापाऱ्यांना चीनचा चहा हवा होता, पण चिन्यांना त्यांच्याकडचे फारसे काही नको होते. चंदन मात्र चाले. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जहाजे बेटे हुडकत निघाली.

हवाई बेटांवर राजा कामेहामेहाच्या काळात हा व्यापार वाढला. १८१९ मध्ये तो वारला. नंतरच्या सरदारांनी जहाजे, रेशीम, दारू उधारीवर घेतली आणि उधारी चंदनात फेडायचे कबूल केले. चंदन आणायचे कुणी? रयतेने. डिसेंबर १८२६ च्या कायद्याने प्रत्येक पुरुषावर अर्धा पिकुल, म्हणजे सुमारे तीस किलो चंदन किंवा चार स्पॅनिश डॉलर असा कर बसला आणि बायकांवर चटई किंवा सालीचे कापड. माणसे डोंगरात गेली, ओझी पाठीवर घेऊन उतरली, मागे शेते ओस पडली आणि उपासमार झाली. मोलोकाई बेटावर जमिनीत खणलेला एक मोठा खड्डा अजून दाखवतात. त्याचे माप जहाजाच्या पोटाएवढे. खड्डा भरला की जहाजभर माल झाला असे समजायचे. १८२९ च्या अखेरीस बोकी नावाचा सरदार दोन जहाजे आणि शेकडो माणसे घेऊन दूर दक्षिणेच्या एरोमांगा बेटावर चंदन आणायला गेला. तो स्वतः परत आलाच नाही, आणि दुसऱ्या जहाजावरचीही मोजकीच माणसे जिवंत परतली.

फिजीतल्या वानुआ लेवू बेटाच्या बुआ भागातले चंदन तर १८०४ पासून दहा-बारा वर्षांतच संपले. तेथे चंदनाला 'यासी' म्हणतात. लोखंडी हत्यारे, देवमाशाचे दात आणि बंदुका देऊन व्यापाऱ्यांनी ते सरदारांकडून मिळवले. झाडे गेली, बंदुका राहिल्या.

एरोमांगा आणि आजूबाजूच्या बेटांवर सिडनीच्या व्यापाऱ्यांचा धंदा १८४० नंतर भरात आला. त्यांतला एक मोठा व्यापारी रॉबर्ट टाउन्स. चंदन तोडायला आणि वाहायला बेटांवरचीच माणसे, किंवा एका बेटावरची माणसे दुसऱ्या बेटावर नेऊन लावायची, ही त्याची आणि इतरांची रीत. १८६३ मध्ये याच टाउन्सने 'डॉन वॉन' नावाच्या जहाजातून ६७ बेटवासी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला आपल्या कापसाच्या मळ्यावर आणले. जहाजे तीच, ओळखीची बेटे तीच. चंदनाच्या जागी आता माणसे. पुढे कापसाची जागा उसाने घेतली आणि १९०४ पर्यंत क्वीन्सलंडमध्ये बेटवासी मजुरांचे सुमारे ६२,००० करार झाले. कित्येकांना फसवून, कित्येकांना पकडून आणले होते. टाउन्सच्या नावाचे शहर आजही नकाशावर आहे, टाउन्सव्हिल.

आता आपल्या बेटाकडे. १८७१ ते १८७४ मॉरिशसचे गव्हर्नर होते सर आर्थर गॉर्डन. जून १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हित्झ यांनी नऊ हजारांहून अधिक जुन्या गिरमिटियांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज दिला तो यांच्याच हातात. त्या अर्जामुळे १८७२ मध्ये चौकशी आयोग आला आणि आपल्या लोकांवर काय बीतते आहे ते कागदावर चढले. गॉर्डन यांनी मळेवाल्यांची बाजू घेतली नाही, हे त्यांच्या पदरी घालायला हवे. पण १८७५ मध्ये ते फिजीचे गव्हर्नर झाले. मूळ फिजीवासीयांना त्यांच्या गावांतून मळ्यांवर ओढू नये असे त्यांचे मत होते, आणि ते चांगलेच होते. मग मळ्यांवर राबायचे कुणी? त्रिनिदाद आणि मॉरिशस पाहिलेल्या गव्हर्नरांना उत्तर आधीच ठाऊक होते. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' ही बोट कलकत्त्याहून चारशे साठहून अधिक माणसे घेऊन फिजीला पोहोचली. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे गेली. आपले गिरमिट त्यांचेही गिरमिट झाले, आणि तो शब्दही आज फिजीत जास्त जिवंत आहे, आमच्यापेक्षाही.

ज्या बेटावरचे चंदन संपले होते त्याच वानुआ लेवूवर, बुआच्या शेजारच्या माकुआता प्रांतात, लबासाला १८९४ मध्ये साखर कारखाना सुरू झाला आणि आपल्यासारखीच माणसे तेथे ऊस तोडू लागली. यासीची झाडे मात्र पुरती नष्ट झाली नव्हती. अलीकडे फिजीत ती पुन्हा लावतात. भारतातले चंदनही तेथे नेलेले आहे, आणि दोन्ही झाडे जवळजवळ लावली की आपोआप त्यांचा संकर होतो. संकराची रोपे जोमाने वाढतात. आधाराला शेजारी दुसरे झाड मात्र त्यांनाही लागते, आणि गाभा धरायला तितकीच वर्षे.